चाळायचं इथे, मागवायचं तिथून

१८९० साली केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांचा ‘प्रिन्सिपल्स ऑफ इकॉनॉमिक्स’ हा जाडजूड ग्रंथ लंडनच्या मॅकमिलन प्रकाशनाने बाजारात आणला. मागणी-पुरवठ्याच्या ज्या आलेखाने वाणिज्य शाखेच्या मुलांना आजही घाम फुटतो, तो घरोघर पोचवला तो याच ग्रंथाने. पुस्तकविक्रीच्या इतिहासात मात्र त्याची नोंद आहे ती वेगळ्या कारणासाठी. हा ग्रंथ ‘नेट’ किमतीला विकला गेला. छापील किंमत साडेबारा शिलिंग, आणि दुकानदाराने त्यातली एक पेनीही सोडायची नाही.

त्याआधी तिकडे शिलिंगमागे तीन पेन्सची सूट सर्रास मिळे. बारा पेन्सचा एक शिलिंग, म्हणजे सूट झाली २५ टक्के. एकाने दिली की शेजारच्यालाही द्यावी लागे, आणि मग पुस्तकांवर पोट भरेना म्हणून दुकानात वह्या, चित्रं, शोभेच्या वस्तू शिरत. फ्रेडरिक मॅकमिलन यांनी याला आळा घालायचं ठरवलं ते काही दुकानदारांचा कळवळा येऊन नव्हे. गंभीर पुस्तक खपायला ते चार महिने फळीवर ठेवणारा आणि कोणाला दाखवायचं हे कळणारा माणूस लागतो. तो धंद्यातून उठला तर नुकसान प्रकाशकाचंच. यातूनच प्रकाशक आणि विक्रेत्यांमध्ये ‘नेट बुक अ‍ॅग्रीमेंट’ हा करार झाला. १ जानेवारी १९०० पासून तो लागू झाला आणि जवळजवळ शतकभर चालला. किंमत बाजारात कशी ठरते हे समजावणारं पुस्तक बांधून दिलेल्या किमतीला विकलं जावं, हा विनोद मात्र खासा आहे.

ओळखीचं दुकान की ऑनलाइन हा वाद आपण इंटरनेटच्या खात्यावर टाकतो. पण तो मुळात सुटीचा वाद आहे, आणि सूट इंटरनेटच्या किमान शंभर वर्षं आधीपासून भांडणं लावते आहे.

यामागचं कारण पुण्यातल्या कुठल्याही बऱ्या पुस्तकांच्या दुकानात अर्धा तास उभं राहिलं की दिसतं. एक बाई आत येतात. ‘काका, बाबांची बायपास झालीय. घरी पडून कंटाळलेत. आजारपणाचं काही नको, आणि रडकंही नको.’ गल्ल्यामागचे काका विचारतात, ‘आधी काय वाचायचे?’ शिकारकथा, जंगलाबिंगलाचं. मग मारुती चितमपल्लींचं ‘चकवाचांदण’ फळीवरून निघतं आणि लगेच परत जातं. ‘हे नको ताई. छातीला टाके असताना एवढं जाड पुस्तक धरवणार नाही.’ त्याऐवजी ‘रानवाटा’ येतं, माडगूळकरांचं ‘नागझिरा’ येतं. ‘टाईप जरा बारीक आहे, चष्मा लागत असेल तर उघडून बघा.’ बाई उघडून बघतात, समाधानाने मान डोलावतात, मोबाइल काढून मुखपृष्ठांचे फोटो घेतात आणि ‘बघते आणि सांगते हं काका’ म्हणून पायऱ्या उतरतात. रात्री ती दोन पुस्तकं बहुधा स्वस्तात मागवली जातील. काका पुस्तकं पुन्हा जागेवर लावतात. या दहा मिनिटांची पावती फाटत नाही.

शिकागो विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ लेस्टर टेल्सर यांनी १९६० साली एका निबंधात नेमकी हीच अडचण मांडली. त्यांना पडलेला प्रश्न असा: आपला माल दुकानदाराने स्वस्तात विकला तर खप वाढणार, मग काही उत्पादक त्याला तसं करू का देत नाहीत? त्यांचं उत्तर असं की काही मालाबरोबर सल्ला, प्रात्यक्षिक, नमुने अशी सेवा द्यावी लागते आणि या सेवेचे पैसे वेगळे घेता येत नाहीत. ते मालाच्या किमतीतच मुरलेले असतात. मग एक दुकानदार सेवा देतो, दुसरा देत नाही. न देणाऱ्याचा खर्च कमी, म्हणून त्याची किंमत कमी. ग्राहक पहिल्याकडे शिकतो आणि दुसऱ्याकडे घेतो. असं बरेच दिवस चाललं की पहिलाही सेवा बंद करतो, आणि शेवटी दुसऱ्याचाही खप घटतो, कारण आता शिकवायला कोणीच उरलेलं नसतं.

कॅमेरा, धावायचे बूट, तंबोरा, चष्म्याची काच, कशालाही हे लागू पडतं. पुस्तकाला सगळ्यात जास्त. तंबोरा प्रत्येक वेगळा, त्याची जवारी ऐकल्याशिवाय कळत नाही. निदान त्यासाठी तरी दुकानाची पायरी चढावी लागते. पुस्तकाची प्रत मात्र दादरला घ्या नाहीतर दिब्रुगडला, अक्षरशः सारखी. त्यातून १९७० साली आयएसबीएन हा आंतरराष्ट्रीय प्रमाण क्रमांक ठरला आणि प्रत्येक आवृत्तीला जगभर चालणारी ओळख मिळाली. १९९४ मध्ये जेफ बेझोस इंटरनेटवर काय विकावं याची यादी करत बसले होते, तेव्हा पुस्तक वर आलं ते साहित्यप्रेमामुळे नव्हे. उपलब्ध पुस्तकांची संख्या लाखांच्या घरात, एवढी कुठल्याच दुकानात मावणार नाहीत. वस्तू नासत नाही, फुटत नाही, मापात चुकत नाही. आणि ग्राहकाला नाव माहीत असलं की पुढे काही विचारावं लागत नाही. भारतात २००७ साली फ्लिपकार्टने सुरुवात केली तीही पुस्तकांनीच.

नाव माहीत असलं की, ही अट मात्र विसरू नये. नाव माहीत व्हायचं कुठे?

जरा हिशेब मांडू. समजा पुस्तकाची किंमत ३०० रुपये आणि विक्रेत्याला ३५ टक्के कमिशन. म्हणजे त्याच्या हातात १०५ रुपये. त्यातून भाडं, वीज, दोन माणसांचे पगार, आणि वर्षभर न हललेल्या पुस्तकांत अडकलेली रक्कम. आता २० टक्के सूट दिली तर ६० रुपये गेले, उरले ४५. हे ४५ रुपये शहराबाहेरच्या गोदामाला पुरू शकतात, कारण तिथे लक्ष्मी रोडचं भाडं नाही आणि छातीच्या टाक्यांची चौकशी करणारा माणूसही नाही. शिवाय मोठ्या कंपनीला त्या ४५ रुपयांवर जगायचंच नसतं. अ‍ॅमेझॉनने पूर्ण वर्षाचा नफा पहिल्यांदा दाखवला तो २००३ साली, म्हणजे विक्री सुरू होऊन आठ वर्षांनी. तोपर्यंत भांडवलदार थांबले. पुस्तकं विकून गिऱ्हाईक जोडायचं आणि त्याच गिऱ्हाइकाला पुढे मिक्सरपासून मोज्यांपर्यंत सगळं विकायचं. कोपऱ्यावरच्या पुस्तकवाल्याला आठ वर्षं कोण थांबणार? त्याला प्रकाशकाची उधारी तीन महिन्यांत फेडायची असते.

यावर कायद्याचा इलाज करून पाहिला तो फ्रान्सने, आणि इतक्या चिकाटीने की ती हकीकत सविस्तर सांगण्यासारखी आहे. १९७४ मध्ये पॅरिसच्या फ्नाक या मोठ्या दुकानसाखळीने पुस्तकांवर सरसकट २० टक्के सूट जाहीर केली. लहान दुकानं हादरली. मिन्युई प्रकाशनाचे जेरोम लँदों यांनी बांधीव किमतीसाठी मोहीमच उघडली. बेकेटसारखे लेखक छापणारा हा प्रकाशक. अवघड पुस्तकं लहान दुकानांशिवाय खपत नाहीत हे त्याला अनुभवाने ठाऊक होतं. १९८१ मध्ये मित्तराँ राष्ट्राध्यक्ष झाले, जॅक लांग सांस्कृतिक मंत्री झाले आणि १० ऑगस्टला कायदा झाला. किंमत प्रकाशक ठरवणार आणि ती सगळीकडे तीच राहणार. विक्रेत्याला सूट देता येईल ती फार तर ५ टक्के. १ जानेवारी १९८२ पासून पॅरिसचं भव्य दालन आणि आल्प्समधल्या गावातलं एका खोलीचं दुकान एका किमतीवर आले.

मग अ‍ॅमेझॉन आली. किमतीत कापाकापी करता येईना, तेव्हा तिने पाच टक्के सूट दिलीच आणि वर पुस्तक घरपोच फुकट. ही कायद्यातली फट होती. २०१४ मध्ये संसदेने ती बुजवली: घरी पाठवलेल्या पुस्तकावर पाच टक्क्यांची सूट नाही, आणि पोचवण्याचं काम फुकट करायचं नाही. कंपनीने कायदा तंतोतंत पाळला. पोचवण्याचे पैसे लावले, एक सेंटिम! म्हणजे युरोचा शंभरावा भाग. आपल्याकडच्या वाणसौद्याच्या दुकानातही सुट्ट्याऐवजी गोळी मिळते. इथे गोळीइतकेही पैसे घ्यायचे नव्हते. सरकारने आणखी एक कायदा केला आणि ऑक्टोबर २०२३ पासून ३५ युरोंच्या खालच्या पुस्तक-मागणीवर किमान ३ युरो पोचवणावळ सक्तीची झाली. दुकानात जाऊन पुस्तक उचललं तर मात्र काही नाही.

या नियमावरचा आक्षेपही खोटा नाही. ज्या खेड्यात दुकानच नाही तिथल्या वाचकाने तीन युरो का भरायचे? त्याच्यासाठी कुठलं दुकान वाचलं? तरीही फ्रान्समध्ये आज तीन हजारांहून अधिक स्वतंत्र पुस्तकदुकानं आहेत आणि लांगचा कायदा उजव्या-डाव्या कुठल्याही सरकारने मोडीत काढलेला नाही. जर्मनीतही किंमत बांधीव आहे. तिथली व्यवस्था १८८८ सालापासूनची.

इंग्लंड उलट दिशेने गेलं. १९६२ मध्ये तिथल्या न्यायालयाने नेट बुक करार उचलून धरला होता. पण १९९५ मध्ये मोठे प्रकाशक स्वतःच त्यातून बाहेर पडले आणि १९९७ मध्ये न्यायालयाने तो लोकहिताविरुद्ध ठरवला. पुढे काय झालं ते २००७ मधल्या एका घटनेवरून कळतं. हॅरी पॉटरचा सातवा भाग आला. छापील किंमत १७ पाउंड ९९ पेन्स. आस्डा या सुपरमार्केटने तो ५ पाउंडांना विकला. साबण-भाजी घ्यायला येणाऱ्या गर्दीसाठी लावलेलं ते आमिष होतं. काही लहान विक्रेत्यांनी हिशेब केला आणि प्रकाशकाकडून घेण्याऐवजी सुपरमार्केटच्या रांगेत उभे राहून प्रती आणल्या, कारण त्याच स्वस्त पडत होत्या. करार मोडला तेव्हा ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये स्वतंत्र दुकानं सुमारे १९०० होती. २०१६ पर्यंत ती ९००च्या खाली आली.

पण गोष्ट तिथे संपत नाही, आणि मला स्वतःला पुढचा भाग कायद्यांपेक्षा जास्त उद्बोधक वाटतो. २०१६ नंतर आकडा पुन्हा चढू लागला आणि २०२२ पर्यंत हजाराच्या वर गेला. सूट बंद झाली नव्हती, अ‍ॅमेझॉन कुठे गेली नव्हती. बदललं ते दुकानांचं वागणं. याचा ठळक नमुना एका साखळीतच पाहायला मिळतो. वॉटरस्टोन्स ही ब्रिटनची मोठी पुस्तकसाखळी २०११ मध्ये गाळात गेली होती. तिची सूत्रं जेम्स डाँट यांच्याकडे आली. त्याआधी ते लंडनमध्ये स्वतःची मोजकी दुकानं चालवत. साखळीत तोवर पद्धत अशी होती की दर्शनी टेबलावर कुठलं पुस्तक लागेल हे मुख्य कचेरी ठरवी, आणि त्या जागेसाठी प्रकाशक पैसे मोजत. शेकडो दुकानांत तीच टेबलं, तीच पुस्तकं. डाँट यांनी प्रकाशकांचे हे पैसे घेणं बंद केलं आणि काय मांडायचं ते त्या त्या दुकानातल्या माणसांवर सोपवलं. न खपता परत जाणाऱ्या पुस्तकांचं प्रमाण वीस टक्क्यांच्या वर होतं, ते एक आकडी झालं. दुकानदाराने निवडलेलं पुस्तक खपतं, पैसे घेऊन मांडलेलं पडून राहतं, असा त्याचा सरळ अर्थ. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या बार्न्स अँड नोबलची सूत्रंही त्यांच्याकडेच गेली.

अमेरिकेतली दुसरी साखळी बॉर्डर्स मात्र २०११ मध्ये कायमची बंद झाली. तिने २००१ मध्ये आपली ऑनलाइन विक्री चालवायला दिली होती ती अ‍ॅमेझॉनलाच. यावर काय बोलावं!

स्थानिक दुकानांच्या बाजूने नेहमी दिला जाणारा दाखला टेक्ससमधल्या ऑस्टिनचा आहे. २००२ मध्ये तिथे एक पाहणी झाली: बॉर्डर्सच्या नियोजित दुकानात १०० डॉलर खर्च झाले तर १३ शहरात फिरतील, आणि स्थानिक पुस्तक व संगीताच्या दुकानांत खर्च झाले तर ४५. आकडे बोलके आहेत, पण ते जसेच्या तसे उचलून नाशिक किंवा सोलापूरला चिकटवू नयेत. आपल्या दुकानदाराचा नफा गावात राहतो हे खरं, तरी पुस्तक पुण्यात छापलेलं आणि कागद आणखी कुठून आलेला. गावाच्या अर्थव्यवस्थेसाठी पुस्तक गावात घ्या हा युक्तिवाद मला लंगडा वाटतो. निवडीचा मोबदला निवडणाऱ्याला द्या, हा जास्त भक्कम.

आता आपल्याकडे येऊ. सूट म्हणजे ऑनलाइनवाल्यांचं पाप असं म्हणणाऱ्यांनी मुंबईचा स्ट्रँड बुक स्टॉल आठवावा. टी. एन. शानभाग यांनी १९४८ मध्ये कुलाब्याच्या स्ट्रँड सिनेमात एका लहानशा जागेत सुरुवात केली, पुढे फोर्टात दुकान थाटलं, आणि इंग्रजी पुस्तकांवर हमखास २० टक्के सूट ही त्यांची खूण झाली. फ्नाकने पॅरिसमध्ये जे केलं ते शानभाग त्याच्या कितीतरी आधी मुंबईत करत होते. फरक एवढाच की सूट देणारा माणूस स्वतः वाचणारा होता आणि कोणाला काय लागतं हे त्याच्या ध्यानात असे. २००३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये दुकान बंद झालं. पुण्यात कॅम्पातलं मॅनीज त्याआधीच, २०१२ मध्ये मिटलं होतं.

मराठी पुस्तकांचं गणित आणखी वेगळं. पुणे, मुंबई, ठाणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूर अशी नावं सोडली तर जिल्ह्याच्या गावीसुद्धा ‘बुक डेपो’ म्हणजे गाइडं, अपेक्षित प्रश्नसंच, वह्या आणि स्पर्धा परीक्षांचे ठोकळे. कथा-कादंबरी असलीच तर मागच्या फळीवर, धूळ झटकून द्यावी लागते. तिथल्या वाचकापुढे दुकान की ऑनलाइन असा पेचच नाही. दुकान मुळात नव्हतंच. गडचिरोलीचा शिक्षक, इंदूर-बडोद्याचे मराठी कुटुंब, न्यू जर्सीतल्या आजी यांच्यासाठी बुकगंगासारखं संकेतस्थळ हेच त्यांचं पहिलं मराठी पुस्तकदुकान. त्यांना ‘स्थानिक दुकान जगवा’ असं सांगणं म्हणजे नसलेल्या विहिरीचं पाणी भरायला सांगणं आहे.

आणि सुटीचं म्हणाल तर मराठीत ती सगळ्यात जास्त वाटतो तो प्रकाशकच. पुस्तक यायच्या आधी ‘प्रकाशनपूर्व सवलत’, आल्यावर वर्धापनदिनाची सवलत, दिवाळीत घसघशीत सवलत, साहित्य संमेलनाच्या गाळ्यावर सवलत, आणि मंगल कार्यालयात भरणाऱ्या ग्रंथप्रदर्शनात तर ‘कोणतेही पुस्तक’ अमुक रुपयांत. १९६७ च्या कायद्याखाली अनुदान मिळणारी हजारो सार्वजनिक ग्रंथालयं राज्यात आहेत. तीही हप्ता आला की सूट कोण जास्त देतो ते पाहून खरेदी करतात. म्हणजे दुकानात उभा असलेला विक्रेता छापील किमतीला पुस्तक विकू पाहतो, आणि ते ज्याच्याकडून आणलं तोच समोरच्या सभागृहात कमी किमतीला विकत बसलेला असतो. अ‍ॅमेझॉनचं नाव निघायच्या आधीच दुकानदाराच्या कमिशनला कात्री लागलेली असते.

म्हणून फ्रान्सचा कायदा इथे आणा अशी मागणी अधूनमधून होते तेव्हा मला ती थोडी गमतीची वाटते. आपल्याकडे छापील किंमत ही कमाल असते. तिच्यावर जाता येत नाही, खाली कितीही उतरता येतं. प्रकाशकाने विक्रेत्याला ठरलेल्या किमतीखाली विकू नको असं बांधून घेतलं आणि त्याने स्पर्धेला बाधा येत असेल, तर २००२ चा स्पर्धा कायदा आड येतो. ते बदलायचं तर संसदेतून नवा कायदा हवा. तो झालाच, तर पहिली बंदी येईल ती प्रकाशनपूर्व सवलतीवर, दुसरी ग्रंथप्रदर्शनांवर. छपाईचा खर्च आगाऊ नोंदणीतून उभा करणारे लहान मराठी प्रकाशक त्याला तयार होतील असं दिसत नाही, आणि त्यांना दोषही देता येत नाही. आधी नोंदलेल्या प्रतींच्या पैशातूनच त्यांचा कागद येतो.

मधल्या मध्ये काही दुकानदारांनी आपली वाट काढली आहे. महिन्याच्या नव्या पुस्तकांची यादी दोन-दोन ओळींच्या अभिप्रायासह ते व्हॉट्सअ‍ॅपवर धाडतात, जुन्या गिऱ्हाइकाला फोन करून ‘तुमच्या आवडीचं आलंय’ म्हणतात, पैसे यूपीआयने घेतात आणि पुस्तक कुरिअरने पाठवतात. सूट दहा टक्के, पोचवणावळ वेगळी. एवढ्यावरही लोक मागवतात. बायपास झालेल्या बाबांसाठी काय पाठवू, असं तिथे विचारता येतं.